रिकाम्या गावाचा कंट्रोलर

"बरां," म्हणून सुशीलेनं टोपली डोक्यावर घेतली, पाय बांधलेली कोंबडी काखेत मारली आणि ती घरापुढच्या खळ्यातून चालती झाली.

सत्यवान बागवे ओसरीवरच्या खुर्चीत तोंड अर्धवट उघडं ठेवून बसून राहिला. त्या तोंडात अख्खं भाषण तयार होतं, आठवडाभर घोळवलेलं. 'मी येवचंय नाय' हे त्यातलं नुसतं पहिलं वाक्य. त्यावर बायको म्हणणार, कित्याक? मग तो अंधश्रद्धेवर येणार, तिथून विज्ञानावर, विज्ञानावरून माणसाच्या स्वातंत्र्यावर. मग ती डोळ्यांना पदर लावून म्हणणार, अवो असां काय करतास, लोकां काय म्हणतली. तेव्हा तो जरासा विरघळणार आणि तिच्याखातर, केवळ तिच्याखातर, पिशवी उचलून निघणार. पिशवी भरलेलीही होती. दाराआड. तिच्यात लुंगी, टॉवेल, बीपीच्या गोळ्या आणि दोन पातळ पुस्तकं. आणि ही बाई पहिल्याच वाक्यावर 'बरां' म्हणून गेली! बेड्याशी, खळ्याच्या फाटकाशी, ती थांबली तेव्हा सत्यवान खुर्चीतून अर्धा उठला, पण ती वळून एवढंच म्हणाली, "आमटी गरम करून खावा. नायतर आंबतली." माणसाच्या बंडाला आमटीनं उत्तर देण्याची ही जी रीत आहे ना, तिनंच जगातले निम्मे क्रांतिकारक घरात बसवले आहेत.

खारवळची गावपळण होती. दर काही वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि अख्खा गाव, माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारे, तान्ही पोरं, सगळी वेशीबाहेर जातात. तीन दिवस गाव देवाचा. मग देवानं कौल दिला की परत. खारवळची वेस म्हणजे खाडी. खाडीवर साकव, लाकडी पूल, आणि साकवापलीकडच्या माळावर झावळांच्या झोपड्या उभ्या राहिलेल्या. सकाळी देवळापुढे गावच्या मानकऱ्यानं, धोंडू गावकरानं, गाऱ्हाणं घातलं होतं, ते सत्यवानानं ओसरीवर बसून ऐकलं होतं. "बा देवा म्हाराजा, आज तुजी लेकरां वेशीभायर चललीत, तेंका सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि सगळा गाव एका घशानं, "व्हय म्हाराजा!" "जो कोण वाकड्या वाटेन जायत, तेका सरळ वाटेर हाड रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" हा धोंडू गावकर चौथीत दोनदा बसलेला. उभ्या जन्मात पुस्तक म्हणून पंचांग, तेही दुसऱ्याकडून वाचून घेणार. पण त्यानं तोंड उघडलं की गाव 'व्हय' म्हणतो. सत्यवानानं एवढं वाचलं, एवढं पचवलं, आणि त्याच्या वाट्याला काय? 'बरां.'

तालुक्याच्या बसस्टँडवर त्याची कंट्रोलर म्हणून हयात गेली होती. काचेची केबिन, माईक, शिट्टी. लोकांना वाटतं सत्ता मंत्रालयात असते. मंत्रालयात नुसते पंखे असतात. सत्ता म्हणजे दुसऱ्याला ताटकळत ठेवण्याची सोय, आणि ती काचेच्या केबिनीत पुरेपूर होती. बाहेर माणसं बोचकी घेऊन काचेशी नाकं चिकटवून उभी राहायची. "साहेब, धामापूर खंय लागली?" सत्यवान मान वर करायचा नाही. माहीत असायचं, पण मान वर करायचा नाही. पान संपवायचा. पुस्तकाचं पान. दोन गाड्यांच्या मध्ये संपेल एवढंच पुस्तक हाती धरायचं, ही सवय त्याला तिथंच लागली, आणि तिच्यामुळे जाडजूड ग्रंथांना बगल देऊन तो आयुष्यभर लघुकादंबऱ्या वाचत राहिला. देशोदेशीच्या, अनुवादातल्या, झिजलेल्या बांधणीच्या. त्याला एक नवल वाटायचं. पुस्तक पातळ असलं की त्यात माणूस एकटा असायचाच. शेवटचा कैदी मेल्यावरही रोज कोठड्यांना कुलपं घालणारा तुरुंगाचा जेलर. पूर येणार म्हणून सगळे गेले तरी धरणाच्या चौकीत बसलेला पहारेकरी. नोकर एकेक करून पळालेली जमीनदारीण, जी आरशातल्या स्वतःला हुकूम सोडते. सत्यवान ती पुस्तकं वाचायचा आणि काचेबाहेरच्या नाकांकडे बघून मनात म्हणायचा, माणूस एकटा पडला की खरा होतो. गर्दीत नुसतं बोचकं.

मग निवृत्ती. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून तो स्टँडवर गेला तर केबिनीत नवा पोरगा. सत्यवान काचेशी उभा राहिला. पोरानं मान वर केली नाही. तो मोबाईल बघत होता. निदान पुस्तक तरी बघायचं रे मेल्या.

तेव्हापासून त्यानं गावच्या वाचनालयाचं अध्यक्षपद धरलं. कोणी दिलं नाही, कोणी घेतलंही नाही. किल्ली त्याच्या करगोट्याला आली आणि तिथंच राहिली. वाचनालयाला त्यानं माईक आणला, ॲम्प्लिफायर आणला, छपरावर कर्णा बसवला, आणि रोज सकाळी सुविचार सांगायला लागला. शाळेच्या बाईंनी तक्रार केली की वर्ग घेता येत नाही. सभेत धोंडू गावकर म्हणाला, काढून टाका. तेव्हा सत्यवान उभा राहून म्हणाला होता, "काढूचो नाय. तोंड फिरवा. तोंड खाडीकडे करा." आपल्या शब्दावर पहिल्यांदाच काहीतरी फिरलं म्हणून त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. पुढं तो हे विसरून गेला. कर्ण्याचं तोंड कुणीकडे आहे हे कर्ण्यामागे बसणाऱ्याला कधी लक्षात राहतं?

आणि गेल्या महिन्यात ती वाचकसभा. 'एकटेपणा, सत्ता आणि मनुष्यस्वभाव: काही लघुकादंबऱ्या.' फळ्यावर अक्षर त्याचंच. आली तीन माणसं. धनेश आला, कारण खुर्च्या त्याच्या मंडपातल्या होत्या आणि संपल्यावर त्या न्यायच्या होत्या. कॉलेजात जाणारी तन्वी आली, कारण वाचनालयात रेंज चांगली. आणि आनंदीबाई आली पंख्याखाली बसायला. सत्यवान तासभर बोलला. जेलर, पहारेकरी, जमीनदारीण. प्रश्न विचारा म्हणाला तर आनंदीबाईनं तोंडातली सुपारी गालात सरकवली. "ह्या सगळ्या पुस्तकांत मानूस एकटोच कित्याक रवता रे झिला? तेका बायल नाय? शेजारी नाय?"

"आनंदीकाकी, ता प्रतीक आसा."

"प्रतीक जेवता खंय?"

धनेश खुर्चीसकट हसला. तन्वी मोबाईलमागे हसली. सत्यवानानं किल्ली वाजवून सभा संपवली, आणि त्या रात्रीच बहुधा त्याच्या मनात बसलं की दाखवून देऊ. पळणीला सगळे जातील. मी राहीन. प्रतीक कुठे जेवतं ते बघाच.

तर आता तो राहिला होता. भाषण तोंडात, पिशवी दाराआड. त्यानं पिशवीतली पुस्तकं काढली आणि गावात निघाला, कारण राजानं राज्यात फिरावं. घरांना कुलपं नव्हती, पळणीत कोण लावत नाही. वाटेवर एक कुत्रंसुद्धा नाही. धनेशच्या दुकानाच्या बाकावर तो बसला, पाय पसरून, जिथं एरवी कोणी ना कोणी 'वायच सरकान बसा' म्हणायचं. सरकायला कोणी सांगेना. गंमत अशी की थोड्या वेळानं तो आपणच सरकला. मग धोंडू गावकराच्या खळ्यात गेला, त्याच्या ओट्यावर, त्याच्या टेकायच्या खांबाला टेकून बसला. खांब तेलकट होता. पिढ्यानपिढ्यांच्या पाठींनी गुळगुळीत केलेला. एका बाजूला खोबण पडलेली, आणि तिच्यात सत्यवानाची पाठ बसेना. हे असं असतं. सिंहासन रिकामं मिळालं तरी त्याला आधीच्या ढुंगणाचा आकार असतो. त्यानं मोठ्यांदा म्हणून बघितलं, "धोंडू, तू गाढव आसस." आवाज मागच्या माडात जाऊन पडला. अपमान करायलाही माणूस लागतं, हे त्या पातळ पुस्तकांत कोणी लिहिलेलं नव्हतं. किंवा असेल, तेवढ्यात गाडी लागली असेल.

दुपारी आमटी गरम करायला तो विसरला. संध्याकाळी ती आंबली. आंबट आमटी भातावर घेऊन तो मागच्या पायरीवर बसला. दिवसभर वाहणारा समुद्राकडचा वारा तेव्हा पडला होता, आणि वारा पडला तसं खाडीपलीकडून सगळं ऐकू यायला लागलं. पोरांचा दंगा, पत्ते आपटल्याचा आवाज, कुणाचं तरी भजन चुकलं म्हणून झालेली बोंब. आणि मध्येच एका बाईचं हसणं. खळखळून, वर चढत जाणारं, मध्ये दम लागून थांबणारं आणि पुन्हा सुटणारं. घास त्याच्या हातात राहिला. हे हसणं ओळखीचं होतं, पण कुठलं? लग्नानंतर देवगडच्या जत्रेत पाळण्यात बसल्यावर सुशीला असं हसली होती. पाळणा वर गेला, तिनं त्याचा दंड धरला आणि हसली. तो तेव्हा म्हणाला होता, "हळू. लोकां बघतत." त्यानंतर त्यानं ते ऐकलं नव्हतं. त्याला वाटत होतं वयानं गेलं असेल. ते गेलं नव्हतं. ती ते खाडीपलीकडे ठेवून आली होती इतकंच. आमटीचा आंबटपणा घशात चढला. त्यानं ताट तसंच सारलं. खरकट्याला कावळासुद्धा आला नाही. कावळे हुशार, ते माणसांबरोबर पळणीला गेलेले.

दुसऱ्या दिवशी तो सकाळपासून दाढी करून, धुतलेला सदरा घालून ओसरीवर बसला. आज माणसं येणार. येणारच. पळणीत एक जरी माणूस गावात राहिला तर पळण मोडते, देव कौल देत नाही, अख्खा गाव बाहेर लटकतो. म्हणजे गावाचं परतणं त्याच्या एकट्याच्या करगोट्याला बांधलेलं होतं. मानकरी येतील. धोंडू पुढं असेल, टोपी हातात. "सत्यवाना, चल रे बाबा." तो मान वर करणार नाही. पान संपवेल. त्यानं पुस्तक उघडून धरलं, जेलरचंच. तेच पान तो इतक्या वेळा वाचत राहिला की जेलरलाही कंटाळा आला असेल. ऊन ओट्यावर आलं, ओट्यावरून भिंतीवर गेलं. बेड्याशी कोणी आलं नाही. आणि मग एकदम, पाठीत कोणी गुद्दा घालावा तसं त्याला आठवलं: येतील कसे? पळणीत वेशीच्या आत पाय ठेवायचा नसतो! शेळी चुकून परत फिरली तरी तिला हाका मारून बाहेर काढतात, आणायला आत कोणी येत नाही. हे त्याला ठाऊक होतं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून पळणीला गेल्यापासून ठाऊक होतं. ज्या नियमाला लाथ मारायला तो मागे राहिला, त्याच नियमानं त्याची मनधरणी बंद करून टाकली होती. एवढी पुस्तकं वाचली. गावचा एक नियम रागात विसरला.

फोन खिशात होता. फोन करायचा म्हणजे नाक जमिनीला लावायचं. पण आमटी आंबली वगैरे काहीतरी निमित्त काढून करता येईल. त्यानं सुशीलेला फोन लावला. स्वयंपाकघरात रिंग वाजली. फडताळावर, चार्जिंगला. तो कानाला फोन लावून आत गेला आणि तिच्या वाजणाऱ्या फोनसमोर उभा राहिला. पडद्यावर नाव आलं होतं. 'कंट्रोलर'. 'सत्यवान' नाही, 'मिस्टर' नाही. कंट्रोलर. ही चेष्टा होती की मान, हे विचारायलाही ती घरात नव्हती. रिंग संपेपर्यंत तो तिथं उभा राहिला.

मग तो वाचनालयात गेला, कारण कुठंतरी जायला हवं होतं. ॲम्प्लिफायरचा दिवा पेटला, कर्णा खरखरला, आणि त्या खरखरीनं अंगात जुनं रक्त फिरलं. वारा समुद्राकडून जोरात होता. ऐकायला कोण आहे? कोणी नाही. मग बोलायला भीती कशाची? "लक्ष द्या," तो म्हणाला, त्या जुन्या, नाकातल्या, सरकारी आवाजात. "धामापूरकडे जाणारी गाडी फलाटावर लागली आहे. धोंडू गावकर यांना या गाडीत जागा नाही. त्यांनी उभ्यानं यावं. आनंदीबाईंनी मागच्या सीटवर बसावं आणि सुपारी खिडकीबाहेर थुंकू नये. धनेश मंडपवाले, तुमच्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, वाचकसभेत अध्यक्ष डुलत होते ते विचारानं नव्हे." काय मोकळं वाटलं! तो बोलतच सुटला. सावंतवाडीची गाडी सोडली, देवगडची रद्द केली. सुविचार सांगितला. जेलरची गोष्ट सांगितली. बोलता बोलता, कसं कोण जाणे, तोच सरकारी आवाज म्हणाला, "सुशीला सत्यवान बागवे, आपण जिथे असाल तिथून ताबडतोब कंट्रोलरशी संपर्क साधावा. सोबतचे गृहस्थ आपली वाट पाहत आहेत."

तो थांबला. स्टँडवर हरवलेल्यांसाठी हे वाक्य त्यानं कितीदा म्हटलं असेल. बायका, पोरं, म्हातारे; नाव सांगायचं आणि पुढची गाडी बघायची. हरवलेला माणूस केबिनीच्या आतही असू शकतो, हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिथंच टेबलावर डोकं ठेवून त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा उन्हं उतरली होती, वारा पडत चाललेला, दिवा तसाच लाल. धोंडू गावकराचं तोंड आठवून त्यानं माईक जवळ ओढला. नक्कल करायची. घसा खाकरून, डोळे मिटून, हेल काढून.

"बा देवा म्हाराजा! बारा वाड्यांच्या म्हाराजा! हयसर एक मानूस मागे रवलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," त्यानं आपणच हळू म्हटलं आणि हसला. हसू जमलं नाही.

"तेना खूप पुस्तकां वाचली. तेका वाटलां, आपणाक कोणतरी बोलवक येतला. कोण येवक नाय रे म्हाराजा. तेची बायल 'बरां' म्हणान गेली. तेना तिका एकदा पाळण्यात हसताना गप केलेल्यान, ता तेच्या आता ध्यानात इलां. आमटी आंबली." इथं आवाज फाटला. नक्कल कुठं संपली ते त्याला कळलं नाही. "तो वाकड्या वाटेन गेलो. तेका सरळ वाटेर हाड. कोणाकतरी सांग, तेका हाक मारूक. आपणहून येवक तेका लाज वाटता रे म्हाराजा!"

संपलं. त्यानं डोळे पुसले. बाहेर एक माडाची झावळ हलायची थांबली. आणि त्या पडलेल्या वाऱ्यात, पाण्यावरून, सगळ्या माळाच्या छातीतून आलं:

"व्हय म्हाराजा!"

सत्यवान खुर्चीवरून उठला, पडला, पुन्हा उठला. तोंड खाडीकडे करा. तोंड खाडीकडे करा! कोणी म्हटलं होतं? धामापूरची गाडी त्यांनी ऐकली. सुपारी ऐकली. खुर्चीचा पाय ऐकला. पाळणा, आमटी, सगळं. अंगाला घाम सुटला, आणि त्या घामातच पाय मात्र चालायला लागले होते. घरी वळून त्यानं दाराआडची पिशवी घेतली. फडताळावरचा फोनही घेतला. साकवाच्या या टोकाशी आला तर पलीकडच्या टोकाला, वेशीच्या रेघेआत पायाचं बोट न आणता, सगळा गाव उभा. पुढं सुशीला.

"इलात?" ती म्हणाली. "ह्येंका कालपासना सांगतंय, येतले. गाडी लेट आसा."

माणसं हसली. दणदणून हसली. साकव हलला. आनंदीबाई म्हणाली, "रे प्रतीका, जेवक ये! तुज्यासाठी कोण जेवक नाय अजून. हिना कोणाक ताट घेवक देवक नाय." म्हणजे अख्खा गाव त्यानं ताटकळत ठेवला होता. जन्मभर हवी होती ती सत्ता ही. पण तिच्याकडे बघायला त्याची मान वर होईना. सत्यवान साकवावरून चालत रेघेपाशी पोचला, तसा धोंडू गावकर पुढं आला. सत्यवानाला वाटलं, आता हा बोलणार. धोंडू म्हणाला, "गाऱ्हाणां बरां घातलंस रे. हेल वायच चुकलो. माका उभ्यान न्हेतलंस मां, ने." आणि त्यानं पिशवी घेतली. सत्यवानानं रेघ ओलांडली.

पंगत बसली. सुशीलेनं त्याच्या पानात कोंबडीचा रस्सा वाढला, तीच काखेतली कोंबडी. पहिला घास तोंडापाशी नेला तेवढ्यात पाण्यापलीकडून खर्रर्र आवाज आला. धनेशनं कपाळावर हात मारला. "सत्याकाका, माईक चालू रवलो मरे!" आता बंद करायला आत जायचं कोणी? देवाचा गाव. सगळ्यांचे हात थांबले. कर्ण्यातून गाव ऐकू येत होता. वाचनालयाचं दार कुरकुरलं. कुठलं तरी पान फडफडलं. मग पाल चुकचुकली, मग काहीच नाही, आणि ते काहीच नाही फार मोठं होतं. असा आपला गाव कोणी कधी ऐकला नव्हता, आपण नसलेला. पोरं आयांना चिकटली. धोंडू गावकरानं नकळत हात जोडले.

"कोणतरी आसा थंय," आनंदीबाई हळू आवाजात म्हणाली.

"कोण नाय, काकी," सत्यवान म्हणाला. "मी बघून इलंय."

"बरां," सुशीला म्हणाली, आणि तिनं त्याच्या पानात भात वाढला.